उंचीचा भरवसा

वाघोलीच्या पश्चिमेला लोहगावचा हवाई तळ आहे. आज तिथून सुखोई-३० उडतात. १९६०च्या आसपास तिथून कॅनबेरा उडत. १३ मे १९४९ रोजी इंग्लंडमध्ये प्रथम झेपावलेल्या या जेट बॉम्बफेकी विमानाचा मूळ विचार साधा होता. शत्रूच्या लढाऊ विमानाला गाठता येणार नाही इतक्या उंचीवरून आणि वेगाने जायचे. मग स्वसंरक्षणाला तोफा कशाला?

भारताने १९५७ मध्ये ५४ बॉम्बफेकी कॅनबेरा मागवली. सोबत छायाचित्र-टेहळणीसाठी आठ ‘पीआर-५७’. भारतीय बॉम्बफेक्या विमानांना पोटाखाली तोफाही होत्या. टेहळणी विमानाला मात्र फक्त कॅमेरे, जादा इंधन आणि उंचीचा भरवसा.

१८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरांनी गोव्यातील दाभोळी विमानतळाच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. हुकूम असा होता की धावपट्टी उखडायची, पण इमारतींना धक्का लावायचा नाही. तरीही तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने रात्री शाबूत उरलेल्या भागावरून उडून निसटली. बॉम्बलाही मर्यादा असतात.

उंचीच्या भरवशाला तडा त्याआधीच गेला होता. १० एप्रिल १९५९ रोजी रावळपिंडीजवळ पाकिस्तानी सेबरने एक पीआर-५७ पाडले. सेनगुप्ता आणि रामपाल हे दोघे उडी घेऊन वाचले, पण कैद झाले. पुढे जमिनीवरून डागायची क्षेपणास्त्रे आली आणि केवळ उंचीवर विसंबणे अधिकच जोखमीचे ठरले.

तरी कॅमेरेवाली कॅनबेरा टिकली. बॉम्ब टाकायला नवी, चपळ विमाने मिळाली. पण स्पष्ट छायाचित्रासाठी विमान उंच, स्थिर आणि बराच वेळ उडणारे लागते. रुंद पंखांच्या कॅनबेरात हे तिन्ही गुण होते. त्याची किंमत आतल्या माणसांना मोजावी लागे. २१ मे १९९९ रोजी कारगिलच्या आघाडीवर शत्रू स्वतःच उंच शिखरांवर बसला होता. खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पेरुमल यांच्या विमानाचे एक इंजिन निकामी केले. उरलेल्या एका इंजिनावर त्यांनी विमान सुखरूप परत आणले.

११ मे २००७ रोजी आग्र्यात कॅनबेरा निवृत्त झाली. शेवटपर्यंत ती उडवणारी १०६ क्रमांकाची तुकडी टेहळणीची होती.