दूध गाईचे की म्हशीचे?

आंबा घाटातून रत्नागिरीत येणारे दूध लॅक्टोमीटरच्या कसोटीस उतरले म्हणजे ते गाईचेच ठरले, असा जो समज सर्रास आढळतो, तो स्वाभाविक असला तरी यथार्थ नाही. कारण ते उपकरण केवळ घनता दाखविते, आणि म्हशीच्या दुधात बेताने पाणी घातल्यास स्निग्धांशही गाईच्या दुधाइतकाच भरू शकतो. जमिनीच्या मोजणीवरून क्षेत्र कळते, खातेदार कळत नाही, त्यासाठी दफ्तरच उघडावे लागते; तद्वतच दुधाचे प्राणिमूळ (ते कोणत्या प्राण्याचे, ही गोष्ट) ठरविण्यास त्यातील प्रथिने अथवा जनुकद्रव्य तपासावे लागते.

यातली जुनी आणि, माझ्या मते, सर्वांत देखणी युक्ती म्हणजे हंसा चाचणी: म्हशीच्या दुधातील प्रथिने सशास टोचून मिळविलेल्या प्रतिरक्तद्रवाचा (त्या प्रथिनांना नेमके ओळखणाऱ्या रक्तजलाचा) एक थेंब, पाण्याने दहापट विरल केलेल्या नमुन्याच्या थेंबात काचपट्टीवर मिसळला, की म्हशीच्या दुधाचा अंश असल्यास लगेच दह्यासारखे कण दिसू लागतात. पीसीआर पद्धत (जनुकद्रव्याच्या विशिष्ट तुकड्याच्या असंख्य प्रती काढणे) याहून सूक्ष्म. दुधात आलेल्या पेशींतील हे द्रव्य तापविल्यानंतरही पुरेसे टिकते, म्हणून पनीर, चीज यांसारख्या पदार्थांतही ती चालते. तुपात मात्र ते फारच अल्प उरते.

तथापि या चाचण्या ‘गाय’ एवढेच सांगतात. ती गाय २०१८ साली स्वतंत्र गोवंश म्हणून नोंदली गेलेली कोकण कपिला की जर्सी, याचा निवाडा त्यांच्या अखत्यारीत येत नाही.