देवगड ते मालवण फक्त ५० किलोमीटर, मग दीड तास का लागतो?

सुट्टीचा प्लॅन ठरतो. सकाळी कुणकेश्वर, दुपारी मालवणात मासे, मग होडीने सिंधुदुर्ग किल्ला. मॅपवर देवगड आणि मालवण अगदी शेजारी दिसतात. प्रत्यक्षात किल्ल्याच्या धक्क्यावर पोचेपर्यंत शेवटची होडी गेलेली असते. असं का होतं, समजून घेऊ.

अंतर नेमकं किती?

सरळ रेष ओढली तर देवगड ते मालवण अंतर साधारण ३५ ते ३७ किलोमीटर भरतं. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा या किनारी रस्त्याने ते ५० च्या आसपास जातं. गाडीने धरून चाला दीड तास, म्हणजे सरासरी वेग ताशी ३५ किलोमीटरसुद्धा नाही.

मग वेळ जातो कुठे?

पहिलं कारण खाड्या. मिठमुंबरी, मिठबाव, आचरा, कालावल, कोळंब अशा एकामागून एक खाड्या वाटेत येतात. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पूल क्वचितच असतो, त्यामुळे रस्ता आत वळतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा किनाऱ्याकडे येतो. तळाशील आणि सर्जेकोट ही गावं कालावल खाडीच्या मुखाशी समोरासमोर आहेत. होडीने काही मिनिटांचं काम, पण गाडी असेल तर तोंडवळी, हडी, कोळंब असा सगळा वळसा.

दुसरं कारण सडे. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचं पठार असतं. रस्ता सड्यावर चढतो, पलीकडे उतरतो, मग गावातल्या अरुंद वळणांतून जातो. समोरून एसटी आली की एकाने थांबायचं.

हायवेने गेलं तर?

देवगडहून नांदगावला यायचं, मुंबई-गोवा महामार्गाने कसालपर्यंत जायचं आणि तिथून मालवणला वळायचं. हे अंतर जवळपास १०० किलोमीटर, म्हणजे दुप्पट. वेळ मात्र दुप्पट लागत नाही, कारण मधला चौपदरी टप्पा पटकन संपतो.

पुलाने काय बदलतं?

पूर्वी देवगडहून कुणकेश्वरला जायला खाडीला मोठा वळसा घालावा लागायचा. तारामुंबरी-मिठमुंबरी पूल झाला आणि हा प्रवास काही मिनिटांवर आला. गावं होती तिथेच आहेत, फक्त मधली खाडी ओलांडता आली. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची मागणी इतकी जुनी का, ते यातून कळतं.

हा प्रश्न फक्त पर्यटकांचा नाही

पर्यटकाची होडी चुकली तर तो उद्या जाईल. पण किनाऱ्यावरच्या गावात कुणाला रात्री हार्ट अटॅक आला तर जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. मोठ्या उपचारांसाठी अनेकांना थेट गोव्यात बांबोळीला न्यावं लागतं. तिथे प्रत्येक वळसा मिनिटांत मोजला जातो.

तुम्ही जाणार असाल तर

- मॅपने दाखवलेल्या वेळेत अर्धा तास वाढवा, पावसाळ्यात त्याहून जास्त.
- किल्ल्याच्या होड्या संध्याकाळी बंद होतात आणि पावसाळ्यात सहसा नसतातच. म्हणून किल्ला आधी, जेवण नंतर.
- परतीची ट्रेन असेल तर लक्षात ठेवा, मालवण आणि देवगड दोन्हीकडे रेल्वे स्टेशन नाही. कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळ गाठावं लागतं.

आणि वाटेत कुणाला रस्ता विचाराल तेव्हा "किती किलोमीटर?" विचारू नका, "किती वेळ लागेल?" विचारा.