श्रवण, भाषा आणि नवजाताची कर्णपरीक्षा

तिरुक्कुरळचा 42 वा अध्याय ‘केळ्वी’ म्हणजे श्रवण या विषयाला वाहिलेला आहे. श्रवणाने लाभणारे शहाणपण तेथे अभिप्रेत आहे. त्याच्याही आधीचे श्रवण म्हणजे ज्यातून मातृभाषा घडते ते. भाषा-साहित्याचे अभ्यासक ते गृहीत धरतात. परंतु दर हजार नवजातांपैकी सुमारे एक ते तिघांच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही.

जन्मजात बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही. बहिरे अर्भकही रडते, हसते, आरंभी हुंकारही देते. शंका येते ती बोल फुटण्याचे वय उलटल्यावर. चेन्नईतील तंजावरी मराठी घरांत, जेथे उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ, हा विलंब दोन भाषांच्या माथी मारणे सोपे असते. वस्तुतः दोन भाषांमुळे मूल मुके राहत नाही. असे मुकेपण बहुधा जिभेचा दोष नसून न ऐकल्याचा परिणाम असते.

निरोगी अंतःकर्ण ध्वनी केवळ ग्रहण करीत नाही, तर उत्तरादाखल अतिसूक्ष्म ध्वनी निर्माणही करतो, हे लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी 1978 साली दाखवून दिले. नवजाताच्या कर्णपरीक्षेचा हाच एक आधार होय. निजलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवून बारीक ध्वनी सोडतात व कानाचे उत्तर टिपतात. कानात राहिलेल्या द्रवामुळेही उत्तर मिळत नाही. म्हणून एका परीक्षेवरून बहिरेपणाचा निर्णय न देता फेरपरीक्षा करावयाची असते. श्रवणतंतूंतील दोष मात्र या परीक्षेतून निसटतो. त्यासाठी, विशेषतः अतिदक्षता विभागातील बाळांकरिता, मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणसंदेशांची विद्युत् परीक्षा आवश्यक ठरते.

महिन्याच्या आत परीक्षा, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाययोजना, असा मान्य क्रम आहे. सहा महिन्यांपूर्वी निदान झालेल्या मुलांची भाषा अधिक विकसित होते, असे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील 1998 सालच्या अभ्यासात आढळले.

चेन्नईत पुढील साधने आहेत. येथील बाल विद्यालय 1969 पासून लहान वयाच्या बहिऱ्या मुलांना शिकवीत आले आहे. राज्याच्या विमा योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रियाही होते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. खरी अडचण मधल्या वाटेवर आहे. बाळंतीण थोड्याच दिवसांत माहेरी जाते, बाळ धडधाकट दिसते आणि फेरपरीक्षेची तारीख टळते. पुढे श्रवणयंत्र निवडावे की सांकेतिक भाषा, हा विचार कुटुंबाने करावा. मात्र दोहोंनाही वेळ हवा, आणि तो पहिल्याच वर्षी निसटू लागतो. म्हणून प्रसूतिगृहातून निरोप देताना आईच्या हाती केवळ कागद न देता, पुन्हा का यावयाचे हे तिला तिच्या भाषेत सांगणे हा या परीक्षेचाच भाग मानला पाहिजे.