उपस्थाता : चिकित्सेचा दुर्लक्षित पाद

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले. उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शौच हे उपस्थात्याचे चार गुण होत. आजच्या अतिदक्षता विभागात ज्ञान व दक्षता शिक्षित परिचारिकेकडे असते. घरच्यांचा अनुराग मात्र दाराबाहेरच्या बाकावर ताटकळत बसतो.

केळवे परिसरातील अत्यवस्थ रुग्ण पालघर, बोईसर आणि प्रसंगी मुंबईला हलविले जातात. वाडीतले काम टाकून आलेले नातेवाईक औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावत राहतात. प्रकृतीविषयी नीट उलगडा न झाल्यास दूरध्वनी येतो तो गावच्या वैद्याला. त्यावेळी आम्ही काय सांगतो, याला फार महत्त्व आहे.

अमेरिकेतील अतिदक्षता चिकित्सकांच्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आप्तांना रुग्णाजवळ थांबण्याची सवलत व राउंडच्या चर्चेत सहभाग द्यावा, असे सुचविले. आपल्याकडे के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांची सहकारी परिचारिकांनी २०१५ पर्यंत, सुमारे ४२ वर्षे शुश्रूषा केली. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचाच मानला. अनुरागाला रक्ताचेच नाते लागते असे नाही, हे यावरून दिसते. २०१८ मध्ये न्यायालयाने रुग्णाचे वैद्यकीय पूर्वनिर्देश ग्राह्य ठरविले व २०२३ मध्ये त्यांची पद्धत सुलभ केली. म्हणून दीर्घ व्याधीच्या रुग्णाची इच्छा शुद्धीत असतानाच कुटुंबाने जाणून घ्यावी.

आपल्या वाट्याचे काम स्पष्ट आहे. रुग्ण हलविताना चालू असलेल्या काढे, गुग्गुळ, भस्मे आदी सर्व औषधांची मात्रेसह यादी सोबत द्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना किंवा वृक्क दुर्बल असताना ही माहिती जीव वाचवू शकते. औषधी दुकानदारांनीही विक्रीच्या नोंदीवरून या यादीस साहाय्य करावे. डॉक्टरांशी बोलण्यास घरातील एकच जबाबदार व्यक्ती नेमावी, असे आप्तांना सुचवावे. रुग्णाजवळ जाण्यापूर्वी हात धुणे, परिचित आवाजात त्याच्याशी बोलणे, दिवस-वेळेचे भान देणे, एवढे तरी त्यांना शिकवावे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीवाचून तोंडात चूर्ण, मध किंवा पाण्याचा थेंबही घालू नये, हे बजावून सांगावे. गिळण्याची शक्ती क्षीण झाली असता तो श्वासमार्गात जातो.

अनुराग असूनही ज्ञान नसेल तर उपस्थाता रुग्णास अपाय करू शकतो. ते ज्ञान देणे आम्हा वैद्यांचे कर्तव्य आहे, मग रुग्ण कोणत्याही पद्धतीच्या रुग्णालयात असो.