गाण्याचा ताळा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात टोरांटोहून भाचीचा फोन आला. "मामा, तू पाठवलेली आजोबांची गाणी आयफोनच्या म्युझिकमध्ये जातच नाहीत." आजोबांची गाणी म्हणजे माझ्या वडिलांनी गणेशोत्सवातल्या बैठकींच्या वेळी भरून ठेवलेल्या कॅसेटी. त्यांतल्या एकेचाळीस मी संगणकात उतरवल्या होत्या, फ्लॅक स्वरूपात. ॲपलच्या म्युझिक ॲपला फ्लॅक चालत नाही, त्याला लागतं ॲलॅक. एका रविवारचं काम, म्हटलं. लागले तीन, आणि त्यात बिचाऱ्या फ्लॅकचा काही दोष नव्हता.

संगणकातलं गाणं म्हणजे आकड्यांची लांबलचक वही. सीडीच्या दर्जात सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजली जाते, तीही डाव्या-उजव्या वाहिनीसाठी वेगवेगळी. दर मोजणीला १६ बिट. तासाभराची बैठक अशी ६३५ एमबी जागा खाते. वेव्ह फाइल हे आकडे सहसा जसेच्या तसे मांडून ठेवते. एमपीथ्री त्यातलं बरंच टाकून देते, कानाला कळणार नाही अशा हिशेबाने. फ्लॅक आणि ॲलॅक काहीच टाकत नाहीत. पैठणीची घडी घालावी तशी ती वही आवरून ठेवतात; घडी मोडली की काठापदरासकट सगळं जागच्या जागी.

ही घडी घालतात कशी? समजा, मोजणी आली १००, १०४, १०८, ११२. दर वेळी चारची वाढ, म्हणजे पुढचा आकडा ११६ असावा. प्रत्यक्षात निघाला ११७. मग ११७ लिहायचंच कशाला? अंदाजाची रीत घडी घालणाऱ्याला आणि मोडणाऱ्याला, दोघांना ठाऊक असली, की फक्त १ लिहून भागतं. अंदाज किती चुकला याचे हे आकडे बहुतेक लहानच असतात. लहान आकडे थोडक्या बिटांत मांडायची फ्लॅकची युक्ती रॉबर्ट राइस यांच्या नावाने ओळखली जाते. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत अंतराळयानांनी पाठवलेल्या चित्रांसाठी त्यांनी ती १९७०च्या दशकात बसवली होती. गुरू-शनीच्या वाटेवरची विद्या आपल्या यमनाच्या कामी आली!

याचा एक गमतीदार परिणाम माझ्या फोल्डरमध्ये दिसला. तंबोरा, हार्मोनियम, लांबवलेला षड्ज यांचा अंदाज सहज बांधता येतो. कॅसेटचा तो सूं असा आवाज मात्र कशालाच जुमानत नाही. त्यामुळे खराब कॅसेटची फाइल चांगल्या कॅसेटपेक्षा मोठी. म्हणजे जागा खाल्ली ती गाण्याने नव्हे, टेपने. वडिलांचा टेपरेकॉर्डर मोनो होता. ज्या कॅसेटींत मी एकाच वाहिनीची हुबेहूब प्रत दुसरीत घातली होती, तिथे फ्लॅकने दोन्हींतला फरक काढला, तो शून्य निघाला आणि दुसरी वाहिनी जवळजवळ फुकटात बसली.

फ्लॅक लिहिलं जॉश कोलसन यांनी. त्याची १.० आवृत्ती आली २००१ साली आणि पहिल्यापासून ते सगळ्यांना मोकळं. ॲपलने २००४ मध्ये स्वतःचं ॲलॅक काढलं आणि २०११ मध्ये तेही खुलं केलं. एकातून दुसऱ्यात जाताना घडी मोडायची, नव्या तऱ्हेने घालायची, इतकंच. शंभरदा केलं तरी आकडा हलत नाही. फ्लॅकमधल्या शून्य ते आठ या पायऱ्या दर्जाच्या आहेत असा समज सर्रास आढळतो. त्या फक्त संगणकाने किती डोकं खाजवायचं ते ठरवतात. आवाज तोच.

पहिल्या रविवारी माझी फजिती झाली ती .एम४ए या शेपटीमुळे. ॲलॅकची फाइल ही शेपटी लावते, आणि आवाज कापणारी एएसीही तीच लावते. एका पाटीखाली दोन दुकानं! रूपांतराच्या प्रोग्राममध्ये आधीपासून एएसी निवडलेलं होतं, मी पाहिलंच नाही. फायली मुळाच्या पाव आकाराच्या निघाल्या तेव्हा खाडकन डोळे उघडले. ॲलॅकची फाइल फ्लॅकच्या आसपासच भरते. त्या एएसी फायली पुन्हा ॲलॅक करून उपयोग नव्हता. फाइल फुगली असती, पण चिपाड पाण्यात भिजवून उसाचा रस परत येत नाही.

दुसरा रविवार नावांत गेला. मी वेव्हमधून वळसा घेतला होता. आवाज शाबूत राहिला, पण राग, गायक, साल यांच्या चिठ्ठ्या वाटेत गळाल्या आणि उरलेल्या देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहिली. फ्लॅकमधून थेट ॲलॅकमध्ये गेलो तेव्हा चिठ्ठ्या सोबत आल्या.

आणि मग ताळा. शाळेत भागाकार झाला की गुरुजी ताळा करायला लावत. इथेही तो करता येतो, आणि मला सगळ्यांत भरवसा वाटतो तो याच गोष्टीचा. मूळ आवाजाच्या आकड्यांवरून काढलेला ३२ अक्षरांचा एमडी५ ठसा फ्लॅक आपल्या पोटात लिहून ठेवते. नवी फाइल उलगडून तिचा ठसा काढायचा आणि जुन्याशी ताडून पाहायचा. विंडोजवर फूबार२००० हा प्रोग्राम दोन फायलींचे आकडे एकेक करून जुळवतो. कानाने 'सारखंच वाटतंय' म्हणण्यात अर्थ नाही. माझा कान साठीचा आहे.

एकेचाळीसांपैकी चाळीस जमल्या. सतरावी जमेना. सुरुवातीचा खडखडाट कापायला मी ती ध्वनिसंपादनाच्या एका प्रोग्राममध्ये उघडली होती, मग विचार बदलला, काही न करता पुन्हा साठवली. त्या प्रोग्रामने साठवताना आपणहून डिदर, म्हणजे अगदी बारीकशी खरखर, मिसळली होती. बिट कमी करताना ते शहाणपणाचं. इथे १६चे १६च राहणार होते. ऐकून कुणालाही कळलं नसतं. मी मूळ फाइल काढली, सरळ ॲलॅक केली, ठसा जुळला.

भाचीने ती ब्लूटूथच्या हेडफोनवर ऐकली. ब्लूटूथ बहुतेक वेळा वाटेत आवाज पुन्हा कापतोच, पण ते मी तिला सांगितलं नाही. तिचा निरोप आला, "सतराव्यात तबल्यावर कोण आहे रे?" कॅसेटच्या कार्डावर वडिलांच्या अक्षरात फक्त 'तबला : बापू' आहे. तेवढं त्या फाइलच्या चिठ्ठीत लिहायचं राहून गेलं होतं. काल लिहिलं.