बिऱ्हाड हलवितांना

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. जामखेड तालुक्यास ती विशेष लागू पडते. दिवाळी सरण्याच्या सुमारास येथील व शेजारच्या आष्टी-पाटोद्याकडील कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं साखर कारखान्यांकडे निघतात. कोणाची नगरास बदली होते, तर कोणी मुलांच्या शिक्षणासाठीं पुण्यास घर करतात. पूर्वीं अशा वेळीं भांडींकुंडीं मोजलीं, दूधवाल्याचा हिशेब चुकता केला व पोस्टांत नवा पत्ता कळविला म्हणजे काम संपत असे. आतां टेलिफोन, इंटरनेट व टेलिव्हिजन हे तीन पाहुणे घरांत कायमचे राहावयास आले आहेत. घर बदलतांना त्यांची सोय कशी लावावी, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

पहिली गोष्ट टेलिफोनच्या क्रमांकाची. मागें एका हंगामांत आजीजवळ राहणाऱ्या एका विद्यार्थ्यास शाळेंत एकाएकीं ताप भरला. आम्हीं नोंदवहींतील त्याच्या आईच्या क्रमांकावर फोन लावला, तों तो बंद! कारखान्याच्या तळावर जुन्या कार्डास रेंज मिळेना, म्हणून तिनें नवें कार्ड घेतलें होतें व जुनें पेटींत टाकलें होतें. मुकादमामार्फत निरोप पोंचावयास तीन दिवस लागले. मुलगा बरा झाला. परंतु त्या तीन दिवसांत त्यानें दाराकडे किती वेळां पाहिलें, हें आम्ही विसरलों नाहीं.

वस्तुतः जुना क्रमांक सोडण्याचें कारण नव्हतें. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर झाली आहे. ३ जुलै २०१५ पासून ती दुसऱ्या परिमंडळांत जाणारांसही मिळते. रीत सोपी आहे. इंग्रजी लिपींत ‘पोर्ट’ हा शब्द व एक जागा सोडून आपला दहा अंकी क्रमांक, असा संदेश १९०० वर पाठवावा. उत्तरीं आठ अक्षरांची खूण येते. ती चार दिवसांच्या आंत, ओळखपत्रासह, नव्या कंपनीच्या दुकानीं द्यावी. परक्यास मात्र कधींही सांगूं नये. त्याच परिमंडळांत तीन व दुसऱ्या परिमंडळांत जातांना पांच कामाचे दिवस लागतात. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पुरे झालेले असावेत व बिल थकलेलें नसावें. बँकेचे व आधारचे संदेश याच क्रमांकावर येतात. सतत ९० दिवस न वापरलेला क्रमांक बंद होऊं शकतो व पुढें तो दुसऱ्याच कोणाच्या हातीं जाऊं शकतो, हेंही ध्यानांत असावें.

कोणती कंपनी निवडावी? जाहिरात नव्हे, शेजारी हा खरा सल्लागार. नव्या घरांत संध्याकाळीं, आंतल्या खोलींत उभें राहून फोन लावून पाहावा. ज्या वडिलधाऱ्या माणसांस बोलणें व संदेश एवढेंच हवें, त्यांच्यासाठीं इंटरनेटविरहित योजना ठेवण्याचें बंधन दूरसंचार नियामक प्राधिकरणानें डिसेंबर २०२४ मध्यें कंपन्यांवर घातलें आहे. आजीसाठीं तीच मागावी.

तारेच्या टेलिफोनची गोष्ट निराळी. जामखेडचा संकेतांक ०२४२१, नगरचा ०२४१. म्हणून येथील तारेचा क्रमांक नगरास नेतां येत नाहीं. तो वेळींच बंद करून अनामत रक्कम परत मागावी व पावती जपून ठेवावी.

आतां इंटरनेट. कांचेच्या बारीक तंतूंतून प्रकाशाच्या रूपानें संदेश नेणारी फायबरची जोडणी मिळाल्यास उत्तम. तिचा वेग मेगाबिटांत सांगतात, परंतु आपण उतरवून घेतों त्या धड्याचें माप मेगाबाइटांत असतें. आठ बिट म्हणजे एक बाइट. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: ४० मेगाबिट वेगानें सेकंदास ५ मेगाबाइट, म्हणजे ३०० मेगाबाइटांचा धडा एका मिनिटांत उतरतो. मग एका घरास शंभर-दोनशेंचा वेग खरोखर हवा काय, याचा विचार वडिलांनीं करावा. जोडणीचा खर्च, यंत्राची अनामत, किती महिने बांधून घेतात व ठराविक मर्यादेनंतर वेग किती उरतो, हे चार प्रश्न आधीं विचारावे. वीज गेली कीं घरांतील यंत्र बंद पडतें. म्हणून लहान बॅटरी जोडणें शहाणपणाचें.

टेलिव्हिजनविषयीं थोडक्यांत. दूरदर्शनची फ्री डिश ही डिसेंबर २००४ मध्यें सुरू झालेली सेवा महिन्याची वर्गणी घेत नाहीं. तिचा उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळें आपल्या भागांत तबकडी आग्नेयेकडे तोंड करून बसते. त्या बाजूस उंच इमारत वा दाट लिंब असल्यास चित्र येत नाहीं. भाड्याचें घर असल्यास भिंतीस भोंक पाडण्यापूर्वीं मालकांस विचारावें. खाजगी सेवा घेणारांनीं आपण खरोखर पाहतों तींच चॅनेलें निवडावीं.

शेवटीं पालकांस एकच विनंती. बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं या सर्वांची यादी करावी, आणि तीत पहिली ओळ लिहावी ती ही: चालूं असलेला क्रमांक शाळेस कळविणें. वेगवान इंटरनेट चार दिवस उशिरा आलें तरी चालेल. तापांत पडलेल्या मुलाची हांक मात्र आईपर्यंत त्याच दिवशीं पोंचली पाहिजे.