व्हिसा आला म्हणजे नोकरी लागली, असं नसतं

रत्नागिरी-रायगडच्या खाडीपट्ट्याला आखाताची वाट नवी नाही. दापोली, खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतल्या कितीतरी घरांतला कुणी ना कुणी कुवेत, सौदी, कतार किंवा दुबईला असतो. घरातला एक गेला की मागून भाऊ जातो, मग भाचा जातो. एवढ्या वर्षांच्या ये-जेनंतरही व्हिसाविषयी जे समज गावात फिरतात, ते बहुतेक एजंटच्या सोयीचे असतात. त्यांपायी माणसं दागिने गहाण टाकतात, जमिनीचा तुकडा विकतात आणि परक्या देशात कागदाविना अडकतात. हे टाळता येण्यासारखं आहे. त्यासाठी वकील लागत नाही, हातातले चार कागद नीट वाचावे लागतात.

‘व्हिसाचे पैसे तर भरावेच लागतात’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. ‘सौदीचा व्हिसा इतक्याला, कुवेतचा तितक्याला’ अशी बोली लागते आणि माणूस ती रक्कम सरकारी फी समजून मोजतो. प्रत्यक्षात कामाच्या व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की भरतीचा आणि कामावर ठेवण्याचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचा नाही, सरळही नाही आणि आडवळणानेही नाही. सौदीच्या कामगार कायद्याचं ४० वं कलम तर यादीच देतं: कामगार आणण्याचा खर्च, अकाम्याची म्हणजे तिथल्या वास्तव्य परवान्याची फी, वर्क परमिट, त्यांचं नूतनीकरण, उशीर झाला तर त्याचा दंड, करार संपल्यावर परतीचं तिकीट. हे सगळं मालकाच्या माथी.

मग आपल्याकडचा एजंट कशाचे पैसे घेतो? फक्त त्याच्या सेवेचे. आपल्या १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालच्या नियमांनी त्याची मर्यादा ठरवली आहे: जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. त्याची पावती द्यायला तो बांधलेला आहे. लाखाच्या वर रक्कम मागितली, ती रोख मागितली आणि पावतीचं नाव काढताच ‘अहो, घरचेच आहात तुम्ही’ असं ऐकू आलं, तर तिथेच थांबावं. तो बेकायदा पैसा आहे, आणि पावती नसल्यामुळे पुढे पोलिसांत जायची वेळ आली तर हातात काहीच राहत नाही.

गावातला ओळखीचा माणूस, जो ‘मुंबईच्या ऑफिसात लावून देतो’ म्हणतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा परवाना नसतोच. कायद्याला सब-एजंट ही जागाच मान्य नाही. परवाना असतो तो भरती एजन्सीला, आणि त्याचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येतो. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. जाहिरातीत छापलेला क्रमांक खरा असला तरी जाहिरात देणारा खोटा असू शकतो. दुसऱ्याच्या परवान्याचा नंबर आपल्या पत्रकावर छापणारे आहेत. म्हणून क्रमांक जुळला एवढ्यावर समाधान मानू नये. संकेतस्थळावर त्या एजन्सीचा जो पत्ता आणि फोन दिला आहे, त्यावरच संपर्क करून ही भरती तुमचीच का, असं विचारावं.

‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर कंपनी व्हिसा बदलून देते’

या वाक्यात अर्धं सत्य आहे, आणि तेच घात करतं. अमिरातीत व्हिजिट व्हिसावर असताना एखाद्या कंपनीने रीतसर वर्क परमिट काढलं, तर देशाबाहेर न जाता व्हिसा बदलून घेता येतो. ही सोय खरी आहे. पण परमिट निघेपर्यंत एक दिवसही काम करता येत नाही. ‘ट्रायल’ नाही, ‘ट्रेनिंग’ही नाही. परमिटशिवाय माणूस कामाला लावणाऱ्या मालकाला तिथे २०२४ च्या दुरुस्तीनंतर एक लाख ते दहा लाख दिरहमपर्यंत दंड आहे. तरी मालक तो धोका पत्करतो, कारण व्हिजिटवरचा माणूस तक्रार करू शकत नाही. पगार बुडाला तर कामगार खात्यात दाखवायला त्याच्याकडे करारच नसतो. मुदत संपली की दर दिवसाला ५० दिरहम दंड चढत जातो, आणि तो चढतो कामगाराच्या नावावर.

एजंटला व्हिजिटचा एवढा सोस का, हे समजायला आपल्याकडचा नियम पाहावा लागतो. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ अशी नोंद येते. असा माणूस आखाती देशांसह ठरलेल्या १८ देशांत नोकरीला निघाला, तर त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. या मंजुरीसाठी परदेशातल्या मालकाची नोंद, करार, पगार आणि विमा हे सगळं ई-मायग्रेटवर दाखवावं लागतं. देशागणिक आणि कामागणिक किमान पगाराचे आकडे ठरलेले आहेत, त्याखालचा करार अडतो. पण तोच माणूस फिरायला किंवा नातेवाइकांकडे निघाला असेल, तर २००७ पासून ही मंजुरी लागत नाही. एजंट नेमका या फटीतून माणूस काढतो. विमानतळावर काय बोलायचं तेही पढवून ठेवतो: मामाकडे चाललोय, पंधरा दिवसांत परत येणार. मुलगा ते बोलतो, आणि त्या क्षणी कायद्याने त्याच्याभोवती घातलेलं सगळं कुंपण तो स्वतःच्या हाताने काढून टाकतो.

त्या कुंपणात काय असतं, ते एका उदाहरणाने सांगतो. ईसीआर पासपोर्टवर रीतसर मंजुरी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, आणि वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये मिळतात. मंजुरीची सरकारी फी २०० रुपये. एवढ्याशा रकमेचं संरक्षण सोडून माणसं लाखभर रुपये मोजून व्हिजिटवर जातात, याचं मला फार वाईट वाटतं. पडावातून पडलेल्या किंवा परांचीवरून कोसळलेल्या माणसाच्या बायकोला पुढे जे सोसावं लागतं, ते या २७५ रुपयांनी थोडं तरी हलकं झालं असतं.

‘पासपोर्टवर शिक्का नाही, म्हणजे काहीतरी राहिलंय’

उलट आहे. ज्या पासपोर्टवर ईसीआरची काहीच नोंद नाही, तो मंजुरीची गरज नसलेला पासपोर्ट. मंजुरीची गरज नसल्याचा ‘ईसीएनआर’ शिक्का मारणं २००७ पासूनच बंद झालंय, त्यामुळे तो ‘मारून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. दहावीचं प्रमाणपत्र असेल तर जुन्या पासपोर्टवरची नोंद नवीन पासपोर्ट काढताना निघते. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि आयकर भरणाऱ्यांनाही सूट आहे.

परिचारिकांचं मात्र वेगळं आहे. पदवी असो, पासपोर्ट कोरा असो, या १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या परिचारिकेला २०१५ पासून मंजुरी लागतेच. आणि ईसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय किमान तीस असावं लागतं. एजंटने वय वाढवून पासपोर्ट काढायचा सल्ला दिला, तर त्या बाईला कुठे नेऊन सोडलं जाणार आहे याची काळजी घरच्यांनी करावी.

‘व्हिसावर काम कुठलं का लिहिलेलं असेना’

सौदीच्या व्हिसाकडे जरा जवळून पाहू. २०२३ च्या मे महिन्यापासून सौदीने भारतात पासपोर्टवर स्टिकर चिकटवणं बंद केलं. आता क्यूआर कोड असलेला कागद मिळतो. लोक अजून ‘स्टॅम्पिंग झालं का’ असंच विचारतात. त्या कागदावर मालकाचं नाव असतं आणि कामाचा रकाना असतो. चिपळूणच्या मुलाला ‘कंपनीत ड्रायव्हर’ सांगितलेलं असतं आणि रकान्यात अरबीत असतं ‘साइक खास’, म्हणजे घरचा ड्रायव्हर. फरक गाडीचा नाही, कायद्याचा आहे. कंपनीचा ड्रायव्हर सौदीच्या मुख्य कामगार कायद्याखाली येतो. घरचा ड्रायव्हर घरकामगारांत मोजला जातो आणि त्याच्यासाठी वेगळी नियमावली आहे. कामाचे तास, सुट्टी, तक्रार कुठे करायची, सगळं बदलतं. वेल्डरला ‘आमिल’ म्हणजे साधा मजूर म्हणून नेलं, तर पगारही त्याच हिशेबाने लागू शकतो. शिवाय इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर अशा कामांसाठी सौदीने आता भारतातच कौशल्य परीक्षा ठेवली आहे. ‘परीक्षा चुकवून दुसऱ्या कॅटेगरीत बसवतो’ असं एजंट म्हणाला, तर तिकडे जाऊन तुमच्या हाताला असलेलं कसब कागदावर उरणार नाही.

अरबी वाचता येत नाही ही अडचण खरी, पण तिच्यावर उपाय आहे. गावातल्या मदरशात शिकलेला कुणी तो रकाना मिनिटभरात वाचून देईल. फोनवर फोटो काढला तरी भाषांतर होतं. अमिरातीच्या ऑफर लेटरचा सरकारी नमुना तर अरबी-इंग्रजीसोबत हिंदीतही मिळतो. सही करण्याआधी तो मागावा. त्यात लिहिलेल्यापेक्षा कमी देणारा करार नंतर पुढे करता येत नाही.

‘आझाद व्हिसा सगळ्यात भारी, पाहिजे तिथे काम करता येतं’

असा व्हिसा कुठल्याही आखाती देशाच्या कायद्यात नाही. कुणीतरी कफील, म्हणजे तिकडचा प्रायोजक मालक, आपल्या नावावर व्हिसा काढतो, विकतो आणि माणसाला सोडून देतो. माणूस मिळेल तिथे काम करतो आणि दरमहा कफिलाला पैसे पोचवतो. सौदीच्या कामगार कायद्याचं ३९ वं कलम नेमकं हेच मना करतं: कामगाराने दुसऱ्याकडे किंवा स्वतःच्या हिशेबावर काम करायचं नाही, आणि मालकानेही त्याला तसं सोडायचं नाही. हप्ता चुकला की कफील ‘माझा कामगार पळाला’ अशी तक्रार करतो. तिकडे त्याला हुरूब म्हणतात. मग पकडला गेला की तुरुंग, रवानगी आणि पुन्हा यायला बंदी. मालक बदलायचे रीतसर मार्ग आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहेत. सौदीत २०२१ च्या मार्चपासून ठरलेल्या अटींवर जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येते, कतारने २०२० मध्ये ना-हरकतीची अट काढली. पण हे मार्ग करार आणि अकामा असलेल्यांसाठी आहेत.

पासपोर्ट कंपनीने ठेवून घ्यायचाच असतो, हाही असाच रुजलेला समज. अमिरातीच्या कायद्यात कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवणं मना आहे. निदान जाण्याआधी पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांचे फोटो घरच्यांच्या फोनवर ठेवावेत.

मेडिकलबद्दल थोडकंच सांगतो. आखाती देशांनी मान्यता दिलेल्या केंद्रातच तपासणी होते आणि तिकडे पोचल्यावर पुन्हा होते. पूर्वी क्षय होऊन बरा झालेला असला, तरी एक्स-रेवर डाग दिसला की माणूस अनफिट ठरतो. इथे ‘सेटिंग’ करून पास झालेला तिथून परत पाठवला जातो, आणि एजंट पैसे परत देत नाही. म्हणून मेडिकल आधी, पैसे नंतर.

‘थायलंडला व्हिसाची कटकट नाही, लगेच नोकरी आहे’

ही जाहिरात आता शिकलेल्या मुलांना येते: डेटा एंट्री, डिजिटल मार्केटिंग, राहणं-जेवण फुकट. भारतीय पर्यटकांना थायलंडात सहज प्रवेश मिळतो, आणि त्यामुळेच नोकरीलाही तसंच जाता येत असेल असं मुलांना वाटतं. तिथून त्यांना सीमा ओलांडून म्यानमारच्या म्यावाडी भागात नेलं जातं आणि कोंडून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जातं. २०२५ च्या मार्चमध्ये वायुसेनेच्या दोन विमानांनी थायलंडच्या मे सोत इथून असे ५४९ भारतीय परत आणले. पर्यटक म्हणून मिळालेला प्रवेश फिरण्यापुरताच असतो. थायलंडात कामाला वेगळा व्हिसा आणि वर्क परमिट दोन्ही लागतं.

‘बेकायदा गेलेला माणूस दूतावासात गेला तर त्यालाच पकडून देतील’

या भीतीने माणसं वर्षानुवर्षं लपून राहतात. भारतीय दूतावास पासपोर्ट नसलेल्या नागरिकाला परतीसाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. अडचणीतल्यांसाठी २००९ पासून समाज कल्याण निधी आहे. त्यातून निवारा, तिकीट, औषधपाणी, वकील आणि गरज पडली तर मृतदेह घरी आणण्याचा खर्चही करता येतो. गावातल्या नातेवाइकांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर इथूनच तक्रार नोंदवता येते. तिकडची सरकारंही अधूनमधून माफीची मुदत जाहीर करतात. अमिरातीने २०२४ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत अशी मुदत दिली होती. त्या काळात मुदत उलटून राहिलेल्यांना दंड न भरता मायदेशी परतता आलं, किंवा मालक मिळाला तर तिथेच कागद नियमित करून घेता आले.